आडाचं तोंड आन वाऱ्याची गाडी

आमच्या मालकांचं नाव माज्या तोंडून निगायचं न्हाई, तवा ते गावाच्याच तोंडून ऐका. समदं गाव त्यांना हौशीराम म्हनायचं, आन बारशाला ज्या आत्यानं हे नाव ठिवलं तिच्या तोंडात साखर पडो. मानसाला हौस म्हंजी किती असावी? जत्रंत पाळना आला की पैला पाय ह्यांचा. कुनाचा बैल बिथरला की वेसन धरायला ह्ये. खंडाळ्याच्या बोगद्यात वाघ शिरलाय अशी आवई उठली, तवा लोक दारं लावून बसलं आन ह्ये कंदील घिऊन बगायला गेलं. मी घरी देव पान्यात घालून बसलेली. मी जात्याच भित्री. पाल चुकचुकली तरी मी घर सोडून अंगनात पळते. अशी जोडी जुळवली देवानं, काय बोलायचं त्याला!

माजं नाव सरू. लगीन होऊन मी आले ती उंबरखळ्यात. ते गाव आता शोधू नका. लोनावळ्याच्या मागं डोंगरात धरान हाय, त्याच्या पोटात गेलं ते. तितं मी दोनच पावसाळं काढलं. मग समिंदरापल्याड बसऱ्याची लढाई लागली, खेचरं हाकायला मानसं पायजेत म्हनून सायबाचा मानूस आला, आन पैला हात कुनी वर केला हे सांगायला नगं. मालक तिकडं असतानाच हितं पानी अडलं आन गाव उठलं. ते परत आलं तवा आमचं घर वरच्या माळावर, आन जुन्या घराच्या जागी पानीच पानी.

गाव उठलं तवाची येक गोष्ट सांगते. गावाच्या खाली भाताच्या खाचरांत आमचा आड हुता. लय खोल, वाकून बगितलं तर नुसता अंधार. त्यात साती आसरांचा, पान्यातल्या देवींचा, वास. वस्ती उठताना आडाचं तोंड उघडं ठिवायचं न्हाई, न्हाईतर आसरा नव्या वस्तीपातुर मागं येत्यात, अशी आमच्याकडची रीत. आन हे काम सवाशिनींचं, बापयांनी तिकडं बगायचंसुदिक न्हाई. पंचांनी सांगितलं, आड दगडानं बुजवा. आमी पाच सवाशिनी गेलो. खनानारळानं आडाची वटी भरली. आन मग दगड उचलायला कुनाचा हातच हुईना. आसरांच्या डोक्यावर धोंडं घालायचं? जित्या देवाला गाडायचं? माजी सासू धोंडाबाई आमच्यात थोरली. ती म्हनली, "बुजवायचा न्हाई. झाकायचा." मोडल्या घरांचं सागाचं वासं आमी वडत आनलं, आडाच्या तोंडावर आडवंतिडवं टाकलं, वर चिखल लिंपला, भुईसारकं सारवून घेतलं. आन हळदीवर हात ठिवून पाचीजनींनी शपत घेतली. खाली पोकळ हाय हे कुनाला सांगायचं न्हाई, बोट दाखवायचं न्हाई. जी सांगंल तिचं कुकू जाईल.

गावाला आमी सांगितलं, आड बुजवला.

तुमी हसाल. हसा बापडं. पन आमच्यातल्या झुंबरबाईच्या पोटात ते ऱ्हायलं न्हाई. मानमोडीच्या साली तिनं नवऱ्याला सांगितलं, आन त्यो महिना सरायच्या आत गेला. मानमोडीच्या तापानं गावंच्या गावं ओस पडली हे मलाबी ठावं हाय. पन तिच्या घरात ताप आला तो फकस्त त्यालाच. तिला न्हाई, तान्ह्या सोपानाला न्हाई. मी तिच्या बांगड्या फुटताना बगितल्या, आन त्या दिसापासनं माज्या तोंडाला कुलूप लागलं.

पुडं मालक लोनावळ्याला केकू शेटच्या बंगल्यावर माळी म्हनून लागलं. केकू शेट मंबईचा पारशी, उंच, लालबुंद, आन हौसंच्या बाबतीत आमच्या मालकांचा पाठचा भाऊ शोभंल असा. त्यानं इलायतंत समिंदराच्या वाळूवर शिडाच्या गाड्या पळताना बगितल्या हुत्या. घोडा न्हाई, इंजान न्हाई, नुसत्या वाऱ्यावर. हिकडं आल्यावर सुताराकडनं त्यानं तशीच गाडी करून घेतली. तीन चाकं, मदी लाकडाची चौकट, येकाला बसायला झोळी, आन वर शीड. मंबईच्या किनाऱ्यावर पळवली तर चाकं वाळूत रुतली. अलिबागला न्हेली. तितं वली वाळू घट्ट हुती, पन जरा कुटं गाडी पळाया लागली तवर भरती आली आन गाडी डोक्यावर घिऊन पळायची येळ आली. तवा शेटच्या मनानं घेतलं की समिंदर नगं, आटलेलं तळं पायजे. सपाट, सुकलेलं, वाऱ्याला मोकळं.

"हौशीराम," शेट म्हनला, "आपल्याला लादीसारखी जमीन पायजे. हाय काय तुज्या मावळात?"

झालं! बसऱ्याकडं कोसच्या कोस ताटासारकी भुई ह्यांनी बगितली हुती, ती ह्यांच्या डोळ्यांतनं कदी गेलीच न्हवती. चैत सरत आला हुता, तळी आटत चालली हुती. ह्ये सुट्टीच्या दिशी येकेक जागा बगून यायचं आन भाकरी खाता खाता मला सांगायचं. आंबीचा नदीकाठ सपाट हाय, पन गवताच्या ढेपा. नवलाख उंबऱ्याच्या माळाला दगडगोटं, चाकच मोडंल. येका तळ्याच्या भुईला अशा भेगा की बकरीचा पाय अडकावा. दुसरं डोंगराच्या आडोशाला, तितं वारंच न्हाई. मी पैल्यांदा हसून ऐकायचे. "आवं, वाऱ्याला काय जुंपायचं असतं व्हय गाडीला?" म्हनायचे. पन जागा येकेक करून बाद व्हायला लागल्या तशा माज्या भाकरी तव्यावर करपाया लागल्या. आता येकच धरान ऱ्हायलंय हे मला कळत हुतं.

आन येक दिस ते दारातनंच वरडत आलं. "सरू, घावली! आपलं उंबरखळं गं! पानी आटून पार धरनाच्या भिंतीला गेलंय. खालची खाचरं गाळानं अशी बसल्यात, बांध दिसत न्हाई का ढेकूळ दिसत न्हाई. सारवल्यावानी!"

माज्या हातातली परात खाली पडली. "काय झालं?" म्हनालं. मी म्हनलं, हात वला हुता.

शेट जागा बगायला आला त्या दिशी मी मालकांची भाकरी घिऊन खाली गेलते. शेट बुटाच्या टाचंनं भुई ठोकत हिंडत हुता. मग थांबून म्हनला, "डिकरा, खड्डाबिड्डा? विहीर? गाडीला ब्रेक न्हाई, माहीत हाय ना?"

"येक आड हुता शेट," मालक छाती काढून म्हनालं. "पन आमच्याच बायकांनी त्यो दगडानं बुजवलाय. ही हुती की त्यांच्यात. काय गं, बुजवलाय ना?"

दोगंबी माज्याकडं बगाया लागलं. व्हय म्हनावं तर धनी आडात, न्हाई म्हनावं तर धनी सरनावर. मी पदर पुडं वढला आन मान हलवली. कशी हलवली ते मलाच ठावं न्हाई. त्यांनी ती 'व्हय' अशी धरली.

घरी आल्यावर मी इच्यारलं, "तुमी न्हाई ना बसनार त्या गाडीत?"

"बसनार न्हाई, लोंबनार!" हसून म्हनालं. शिडात वारं भरलं की गाडी येका अंगाला कलंडती, म्हनून दुसऱ्या अंगाला कुनीतरी भायेर लोंबून भार द्यावा लागतो. त्या कामाला शेटनं ह्यांना निवडलं हुतं. वर सबूद दिला हुता की हितं जमलं तर पुडल्या साली कच्छच्या रणात न्हेतो. तितं म्हनं दिसभर पळवली तरी भुईची कड लागत न्हाई. मालक पोरावानी हरकलं हुतं. "पुन्ना येकदा तसली भुई बगायची सरू, मग मेलो तरी चालंल," म्हनालं. मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते बगतच ऱ्हायलं.

मी काय न्हाई केलं? पोट दुकतंय म्हनून लोळले. वंगाळ सपान पडलं म्हनलं. मांजर आडवं गेलं म्हनलं. "अगं, ते बिचारं त्याच्या कामाला गेलं आसंल," ह्येच उत्तर. भित्र्या बायकोचं हेच तर वाईट. रोज भीती दाखवलेली, त्यामुळं खऱ्या भीतीला कोन इच्यारतो?

शेवटी मी झुंबरबाईकडं गेले. सासू मरून गेलती, बाकीच्या दोगीबी गेलत्या. पाचांतल्या आमी दोगीच उरलो हुतो. ती दारात तांदूळ पाखडत हुती. मी तिचं पाय धरलं. "झुंबरबाई, तुमचं कुकू गेलं ते गेलं. तुमाला आता कसलं भ्या? तुमी सांगा. येवढंच बोला की आड पोकळ हाय."

तिचं सूप थांबलं. तिनं पायांवरनं माजं हात सोडवलं. "मला भ्या न्हाई?" ती म्हनली. "माजा सोपान हाय की अजून. आसरा काय येकदाच जेवत्यात? माजं येक खाल्लं त्यांनी. आता तुजं वाचवायला मी दुसरं घालू व्हय त्यांच्या पुड्यात?"

मला तिचा संताप आला. तोंडाला येईल ते बोलून मी निगाले. वाटंत लाज वाटली. मला पोर न्हाई. असतं तर मी तिच्यापरीस काय येगळं बोलले असते?

गाडी पळवायचा दिस आला. वैशाखात दुपार कलली की घाटाखालनं वारं वर चढतं, आन ते मोकळ्या तळ्यावर काय सुटतं म्हनता! गाव समदं काठावर जमलं हुतं. मी मुद्दाम खालच्या खाचरांच्या अंगाला जाऊन येकटीच हुभी ऱ्हायले. शेट झोळीत बसला. मालकांनी मुंडासं कसून बांदलं, शिडाच्या दोराला धरलं, आन लांबनंच माज्याकडं बगून हात हलवला. शीड भरलं. गाडी सुटली. घोड्याच्या पळन्याला आवाज असतो, आगगाडीला असतो, हिला काईच न्हाई, नुसती सूं करत गेली. लोकांनी आरोळी ठोकली. मी डोळं मिटलं.

पैली फेरी वरच्या अंगानं गेली. दुसरीबी तिकडनंच. मी मनातल्या मनात आसरांना खन बोलले, नारळ बोलले, कोंबडं बोलले. पन वारं वाढलं तसा शेटला लांब पल्ला पायजे झाला. पुडच्या फेरीला त्यानं गाडी वळवली ती थेट माज्या दिशेनं. तितं चिंचंचं जुनं बुडूक हाय आन धुन्याचा दगड हाय, आन त्या दोहोंच्या मदी आमचा आड. डोळं बांदलं असतं तरी मला घावला असता, दोन पावसाळं मी तितनं घागरी वाहिल्यात. गाडीचं तोंड बराबर त्या दोहोंच्या मदी.

मी काष्टा खवून पळाले. काय करायचं ते ठरवलं न्हवतं. सांगायचं न्हाई, बोट दाखवायचं न्हाई, येवढंच डोक्यात. आडाला वळसा घालून, गाडीच्या अंगाला हाताभरावर मी गाडीकडं तोंड करून मटकन खाली बसले. बसायला तर शपतंत बंदी न्हवती.

गाडी अंगावर येत हुती. पांढरं शीड वाढतच चाललं, आन त्याच्या भायेर लोंबनारं माजं मालक. ऊठ आन पळ असं पाय म्हनत हुतं. मी दोनी मुठींत भुई धरून बसले. "सरू! ऊठ! ऊठ गं!" मालकांचा आवाज आला. मी उठले न्हाई. शेटनं दोर वढला, गाडी कलली, मालक उडून माज्या डोक्यावरनं आडाच्या पल्याड जाऊन आपटलं, आन गाडी माज्यावर धूळ उडवत बाजूला जाऊन आडवी झाली.

शेट शिव्या देत उटला, धडधाकट. मालकबी उटलं. कोपर सोलल्यालं, डोळं लाल. हात उगारून माज्याकडं निगालं. आन त्यांच्या आन माज्या मदी आड.

आता सांगा, मी काय करायचं? थांबा म्हनलं तर का थांबा ते सांगावं लागंल. तिकडनं नगा म्हनलं तर बोट दाखवलंच की. मी उठले, आडाच्या कडंकडनं धावले, आन ते पैलं पाऊल त्यावर टाकतात न टाकतात तवर साऱ्या गावादेखत नवऱ्याच्या पायांना मिठी मारली. काठावर बायकांनी तोंडाला पदर लावलं. लावू देत. मी सोडलं न्हाई.

"सोड! खूळ लागलं काय तुला?" मालकांनी पाय आपटला.

भुई घुमली. रिकाम्या रांजनावर थाप मारावी तशी. वरचा गाळ येवढासा चिरला, त्यातनं माती आत सांडली, आन जरा येळानं लय खालनं पानी वाजलं.

मालक जाग्यावर थिजलं. खाली बगितलं, मग माज्याकडं. बसऱ्याला तोफांखाली निजलेला हा मानूस, पन त्या दिशी त्यांचं तोंड मी पांढरंफटक पडलेलं बगितलं. मी वर बगून काईतरी बोलनार, तवर त्यांनी खसकन वाकून माज्या तोंडावर हात दाबला. "बोलू नगंस," कानाशी म्हनालं. "तुमा बायकांची शपत आसंल, येक अक्षर बोलू नगंस. मी तुला काई इच्यारत न्हाई." त्यांच्या हाताची माती माज्या दातांखाली करकरली. दोगंबी तसंच रांगत मागं सरकलो.

शेटला त्यांनी सांगितलं, बायकोच्या अंगात आसरा आल्या, जागा देवाची हाय, हितं गाडी नगं. "साला, येवढी फक्कड जमीन, आन तुमच्या बायका!" शेट म्हनला. लोक खो खो हसलं. जो मानूस कदी कशाला भ्याला न्हाई त्याला गाव बायकोला भ्यालेला म्हनाया लागलं. मालकांनी म्हनू दिलं. पुडल्या साली शेट कच्छला गेला, दुसराच गडी घिऊन. मालक बंगल्यावर बागंला पानी घालत ऱ्हायलं. त्या रणाचं नाव पुन्ना कदी काढलं न्हाई त्यांनी, पन संध्याकाळी वारं सुटलं की दारात हुभं ऱ्हाऊन बगत बसायचं. मला लय वाईट वाटायचं.

माजं भ्या तितं संपलं असं समजू नका. तवा तर खरं सुरू झालं. बसले म्हंजी सांगितलं का? मी तोंड उघडलं न्हवतं, बोट दाखवलं न्हवतं, पन त्यांना कळलं ते माज्यामुळंच की! ह्यांना शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून बगायचे. येकदा हिवताप आला, तवा मी अंगारा लावून, पान्याचा थेंब न घेता उशाशी बसले. मालक तापातबी चेष्टा करायचं. "सरू, मेलो तर तुजं कुकू जाईल, न्हाई मेलो तर भाकरी जाईल. कायतरी जानारच." मी रडत रडत हसायचे.

आन दर उन्हाळ्याला पानी भिंतीला गेलं की ते येकटंच खाली जायचं आन त्या जागेभवती बाभळीचं काटं रचून यायचं. का, ते कुनाला सांगितलं न्हाई. मलाबी न्हाई. गुरं तितनं वळसा घालायची. लोक म्हनायचं, हौशीरामाची ही आनि येक हौस.

सवराज आलं त्याच्या दुसऱ्या साली, माघात, मालक गेलं. आसरांनी न्हेलं न्हाई का तोफांनी न्हेलं न्हाई. सकाळी छातीत कळ आली, भिंतीला टेकून बसलं, ते बसलंच. बायका जमल्या. माज्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. "रड बाई, मोकळी हो," समद्या म्हनत हुत्या. मला रडूच येईना. चैतात पानी उतरंल, खाचरं उघडी पडतील, गुरं जातील, पोरं जातील, आन काटं टाकायला कुनी न्हाई, येवढंच मला दिसत हुतं.

मी म्हनलं, "ऐका. आड बुजवलेला न्हाई. आमी नुसता झाकला हुता. खाली पोकळ हाय. पानी उतरलं की दगडानं भरून घ्या."

बायका येकमेकींकडं बगाया लागल्या. "दुक्कानं डोकं फिरलं बाईचं," कुनीतरी पुटपुटलं, आन दुसरी मला थोपटाया लागली.

कोपऱ्यात झुंबरबाई बसली हुती. भायेर तिचा सोपान तिरडी बांदत हुता. तिनं दारातनं त्याच्याकडं बगितलं. लय येळ बगत ऱ्हायली. मग समद्यांना ऐकू जाईल अशी म्हनली, "सरू खरं सांगती. आड पोकळ हाय."

मी तिच्या गळ्यात पडले, आन तवा कुटं मला रडू आलं.